नस उघडणं वेगळं, नस आवळू न देणं वेगळं

पायाची धमनी तुंबली म्हणून दिलेल्या चिठ्ठीवर सार्पोग्रिलेट किंवा नॅफ्टिड्रोफ्युरिल दिसलं की कुणीतरी सांगतंच, 'ही नस उघडायची गोळी.' नाही हो. (त्यात 'नस' म्हणजे धमनी, शीर की मज्जातंतू? एका शब्दात तिघांना कोंबून अर्धा घोळ आपण आधीच घातलेला असतो. इथे धमनी.)

उघडणारी औषधं ओळखीची आहेत. निफेडिपिन घ्या: धमनीचा स्नायू सैल, प्रेशर खाली. मग चार पावलं चालून पोटरी भरून येणाऱ्याला तेच का देत नाहीत? कारण चालताना तुंबलेल्या धमनीच्या खालच्या बारीक वाहिन्या ऑक्सिजनच्या ओढीने आधीच जमेल तेवढ्या पसरलेल्या असतात. गोळीने पसरतात त्या धडधाकट भागातल्या. खालच्या मजल्यांनी सगळे नळ सोडले की तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते, तसं.

सुरुवातीच्या त्या दोन गोळ्या सेरोटोनिनवर चालतात; शरीरात निरोप पोचवणाऱ्या या रसायनाचं गणित निराळं. बहुतेक सगळं आतड्यात तयार होतं आणि प्लेटलेट (रक्त गोठवायला लागणारे बारीक कण) ते आपल्या आत साठवून रक्तातून फिरतात. धमनीचं अस्तर शाबूत असेल तर सेरोटोनिन तिला सैलसुद्धा करतं. अस्तर खराब झालं की तिथे प्लेटलेट चिकटतात, साठा ओततात आणि स्नायू ५-एचटी-२ए रिसेप्टरमार्फत (सेरोटोनिनचा निरोप घेणारी पेशीवरची जागा) आवळला जातो. म्हणजे पकड नेमकी दुखऱ्या जागी. तुंबलेल्या धमनीला वळसा घालून रक्त नेणाऱ्या पर्यायी वाहिन्यांवरही. सार्पोग्रिलेट आणि नॅफ्टिड्रोफ्युरिल तो रिसेप्टर अडवतात. जिथे पकडच नाही, तिथे सोडवायचं काय? म्हणून प्रेशर फारसं हलत नाही. धमनीतला चरबीचा थर मात्र तसाच राहतो, हेही ऐकून ठेवा.

सेरोटोनिन म्हटलं की आठवणाऱ्या डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या (एसएसआरआय) ते परत शोषून घेणारा पंप रोखतात, रिसेप्टर नाही, विषय संपला. पायाच्या याच दुखण्याचं दुसरं औषध सिलोस्टॅझॉल, ते तर पीडीई-३ नावाचं एन्झाइम रोखतं, आणि हार्ट फेल्युअर असेल तर त्याला हातही लावायचा नाही.

'नस उघडायची गोळी' या घोळाला थोडं जबाबदार याच जातीचं जुनं औषध, केटान्सेरिन. ते सेरोटोनिनबरोबर धमन्या आवळणारा अल्फा रिसेप्टरही अडवायचं, त्यामुळे प्रेशर उतरायचं. पोटॅशियम घटवणाऱ्या लघवीच्या गोळ्यांसोबत ते धोक्याचं ठरलं, हे १९८९ च्या 'पॅक' या त्याच्याच चाचणीत दिसलं. मला विचाराल तर नॅफ्टिड्रोफ्युरिल बरं. ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०११ मध्ये चार औषधांतून तेच निवडलं, तेही चालण्याच्या व्यायामाने पुरेसं भागलं नाही तर.