क्वेश्चन टॅग

क्वेश्चन टॅग म्हणजे इंग्रजीत विधानाच्या शेवटी स्वल्पविराम देऊन जोडलेला दोन-तीन शब्दांचा छोटा प्रश्न. 'यू आर फ्रॉम नाशिक, आरन्ट यू?' या वाक्यात 'आरन्ट यू' हा टॅग. व्याकरणकार शेवटच्या तुकड्याला 'क्वेश्चन टॅग' आणि सबंध वाक्याला 'टॅग क्वेश्चन' म्हणतात. आपल्या नाशिकच्या वर्गांत दोन्ही नावे एकाच अर्थाने चालतात, त्याने काही बिघडत नाही. मराठीत हेच काम 'ना', 'नाही का', 'हो ना', 'की नाही' हे शब्द करतात : 'तुम्ही नाशिकचे ना?' मात्र मराठी 'ना' मागे वळून पाहत नाही. कर्ता कोणीही असो, काळ कुठलाही असो, वाक्य होकारी असो की नकारी, 'ना' तोच राहतो. इंग्रजी टॅगला दर वेळी मागचे वाक्य पाहून नवे रूप घ्यावे लागते. नाशिकच्या मुलांना टॅग अडतो तो नेमका इथे.

रचना : टॅगमध्ये एक सहायक क्रियापद आणि एक सर्वनाम असते. विधान होकारी असेल तर टॅग नकारी, विधान नकारी असेल तर टॅग होकारी. 'शी इज टीचिंग, इझन्ट शी?', 'दे हॅवन्ट लेफ्ट, हॅव दे?', 'ही कॅन स्विम, कान्ट ही?' विधानात सहायक क्रियापद असले तर तेच खाली उतरते. नसले तर 'डू' मदतीला येतो आणि मूळ क्रियापदाचा काळ व पुरुष स्वतःकडे घेतो. 'द गोदावरी राइझेस निअर त्र्यंबकेश्वर, डझन्ट इट?' इथे 'राइझेस'मधला तृतीयपुरुषी प्रत्यय 'डझ'मध्ये गेला. 'द सत्याग्रह ॲट काळाराम टेंपल बिगॅन इन १९३०, डिडन्ट इट?' इथे 'बिगॅन'चा भूतकाळ 'डिड'ने घेतला. लिहिताना टॅगआधी स्वल्पविराम आणि शेवटी प्रश्नचिन्ह हवे. टॅगचे पहिले अक्षर लहान लिपीत येते.

टॅगमध्ये नाम येत नाही, सर्वनामच येते. 'कुसुमाग्रज लिव्ह्ड इन नाशिक, डिडन्ट ही?' असे म्हणायचे, 'डिडन्ट कुसुमाग्रज?' असे नाही. 'धिस' आणि 'दॅट' टॅगमध्ये 'इट' होतात, 'दीज' आणि 'दोज' यांचे 'दे' होते. 'देअर' हे सर्वनाम नसूनही टॅगमध्ये जसेच्या तसे येते : 'देअर इज अ बस टु सटाणा, इझन्ट देअर?' 'एव्हरीवन', 'समबडी', 'नोबडी' हे एकवचनी असले तरी त्यांचा टॅग 'दे'ने होतो, कारण ती व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठरलेले नसते : 'एव्हरीवन हॅज अराइव्ह्ड, हॅवन्ट दे?' वाक्यात 'हॅज' आणि टॅगमध्ये 'हॅव' पाहून मुले बिचकतात. पण सर्वनाम बदलले की क्रियापदानेही त्याच्याशी जुळवून घ्यायचे, एवढेच त्यामागे आहे.

नकार ओळखताना 'नॉट' शोधून भागत नाही. 'नेव्हर', 'हार्डली', 'सेल्डम', 'नोबडी', 'नथिंग' हे शब्द वाक्याला नकारी करतात, म्हणून टॅग होकारी येतो : 'इट हार्डली रेन्स इन मार्च, डझ इट?' 'फ्यू' आणि 'लिटल' नकाराकडे झुकतात, पण त्यांच्याआधी 'अ' आला की तेच होकारी होतात. 'फ्यू पीपल नो हिम, डू दे?' म्हणजे त्याला ओळखणारे जवळजवळ कोणी नाही. 'अ फ्यू पीपल नो हिम, डोन्ट दे?' म्हणजे काही जण तरी ओळखतात. एका अक्षराने टॅग उलटतो, आणि त्याचे कारण वाक्याच्या अर्थामध्ये आहे. मराठीतही 'थोडेच लोक आले' आणि 'थोडे लोक आले' यांत हाच फरक असतो. तो 'च' दाखवून दिला की विद्यार्थ्याला वेगळा नियम पाठ करावा लागत नाही.

जोडरूपांतही अशीच गफलत होते. 'ही'ज गॉन' यातला 'ज' म्हणजे 'हॅज', म्हणून 'हॅझन्ट ही?', 'ही'ज टॉल' यातला 'ज' म्हणजे 'इज', म्हणून 'इझन्ट ही?' तसेच 'यू'ड बेटर गो'चा टॅग 'हॅडन्ट यू?' आणि 'यू'ड रादर स्टे'चा 'वुडन्ट यू?' 'हॅव टु' आणि 'यूज्ड टु' यांना 'डू'चाच टॅग लागतो : 'वी हॅव टु गो, डोन्ट वी?' 'आय डोन्ट थिंक ही विल कम' यासारख्या वाक्यात टॅग 'थिंक'ला न लागता पुढच्या उपवाक्याला लागतो, पण नकार मात्र पहिल्या भागातून मोजला जातो : 'विल ही?'

आज्ञार्थाचा टॅग बहुधा 'विल यू?' असतो. निमंत्रण असेल तर 'वोन्ट यू?' म्हणतात : 'हॅव सम मोअर मिसळ, वोन्ट यू?' 'लेट्स गो'ला 'शॅल वी?' लागते, कारण त्यात बोलणाराही येतो. तेच 'लेट अस गो' परवानगी मागण्याच्या अर्थाने आले तर टॅग 'विल यू?' होतो.

'आय ॲम'चा पेच : 'आय ॲम लेट' याचा टॅग नियमाने 'ॲमन्ट आय?' व्हायला हवा. प्रमाण इंग्रजीत तो 'आरन्ट आय?' होतो आणि जपून बोलताना 'ॲम आय नॉट?'. एका मुलाने 'आय आर' लिहिले तर आपण लाल शाई वापरतो आणि लगेच 'आरन्ट आय' बरोबर म्हणून शिकवतो. त्याला हा अन्याय वाटणे साहजिक आहे, म्हणून कारण सांगितले पाहिजे. 'नॉट'चे आखूड रूप सतराव्या शतकात लिखाणात रुळले. 'ॲमन्ट'मधले 'म' आणि 'न' लागोपाठ उच्चारणे जड, म्हणून 'म' गळला आणि पुढे त्याचा स्वर लांबला. इंग्लंडच्या दक्षिणेकडे 'आर'मधला 'र' उच्चारत नाहीत, त्यामुळे हा 'आन्ट' आणि 'आरन्ट' कानाला एकसारखे वाटू लागले आणि लिहिताना 'आरन्ट' हे अक्षरलेखन पक्के झाले. म्हणजे वेश 'आर'चा असला तरी आत मूळ 'ॲम'च आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये 'ॲमन्ट आय' आजही ऐकू येते.

सूर : टॅगचा खरा अर्थ त्याच्या सुरात असतो आणि पाठ्यपुस्तकाच्या पानावर तो दिसत नाही. टॅगचा आवाज शेवटी चढला तर बोलणाऱ्याला खरोखर शंका आहे, त्याला उत्तर हवे आहे. आवाज उतरला तर त्याला माहिती आहे, फक्त दुजोरा हवा आहे. नाशिकच्या सीबीएस या मध्यवर्ती बस स्थानकावर गाडीत चढताना कंडक्टरला आपण 'ही त्र्यंबकला जाते ना?' असे चढ्या सुरात विचारतो. तीच गाडी अंजनेरी ओलांडून गेल्यावर शेजारच्या प्रवाशाला 'पाऊस छान झालाय ना' असे उतरत्या सुरात म्हणतो आणि उत्तराची वाटही पाहत नाही. हे दोन सूर मराठी माणसाच्या गळ्यात जन्मापासून आहेत. इंग्रजीचा टॅग शिकवताना त्यांना हात न लावणे ही मोठी चूक आहे असे मला वाटते. आधी 'ना'चे दोन सूर वर्गात म्हणवून घ्यावेत, मग तेच 'इझन्ट इट'वर चढवावेत.

होकारी विधानाला होकारी टॅग लागल्याचेही आढळते : 'सो यू लिव्ह इन पंचवटी, डू यू?' ही चूक नसून वेगळा प्रकार आहे. समोरच्याच्या बोलण्यातून आपल्याला जे कळले ते आपण त्याच्यासमोर ठेवतो : 'म्हणजे तुम्ही पंचवटीत राहता तर!' सूर बदलला की त्यातून कुतूहलाऐवजी संशय किंवा धमकीही निघते. परीक्षेत हा प्रकार विचारत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी तो शिकवलाही जात नाही.

उत्तर देताना : टॅग बनवण्यापेक्षा टॅगला उत्तर देताना मराठी माणूस जास्त फसतो, आणि याकडे फार कमी लक्ष जाते. मराठीत 'हो' आणि 'नाही' समोरच्याच्या म्हणण्याशी आपण सहमत आहोत की नाही ते सांगतात. 'तुला पत्र मिळालं नाही ना?' या प्रश्नावर 'हो, नाही मिळालं' हे सरळ मराठी उत्तर. इंग्रजीत 'येस' आणि 'नो' समोरच्याच्या म्हणण्याकडे न पाहता घडलेल्या गोष्टीकडे पाहतात. 'यू डिडन्ट गेट द लेटर, डिड यू?' याला पत्र मिळाले नसेल तर 'नो, आय डिडन्ट' म्हणावे लागते, मिळाले असेल तर 'येस, आय डिड'. मराठीत विचार करणारा माणूस सहमतीच्या ओघात 'येस' म्हणून थांबला तर ऐकणारा समजतो की पत्र पोहोचले. नाशिकजवळच्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातून परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलणाऱ्याने 'द पार्ट्स हॅवन्ट बीन शिप्ड, हॅव दे?' या प्रश्नाला नुसते 'येस' म्हटले तर माल निघालाच नसताना निघाला असे पलीकडे नोंदले जाऊ शकते. उपाय साधा आहे : एका शब्दावर थांबायचे नाही, सहायक क्रियापदासह पूर्ण उत्तर द्यायचे. 'नो, दे हॅवन्ट.'

'इझन्ट इट' आणि 'ना' : 'यू आर कमिंग टुमॉरो, इझन्ट इट?' हे वाक्य नाशिकच्या कॉलेज रोडवर रोज कानावर पडते. 'ना' सगळीकडे सारखा, म्हणून 'इझन्ट इट'ही सगळीकडे सारखा, असा त्यामागचा हिशेब. मराठीप्रमाणे हिंदी आणि इतर भारतीय भाषांतही न बदलणारा टॅग आहे, त्यामुळे हा 'इझन्ट इट' भारतीय इंग्रजीची ओळखच झाला आहे. 'व्हेरी ओल्ड टेंपल, नो?' हा त्याचाच धाकटा भाऊ. केवळ भारतीयच असे बोलतात असे मात्र नाही. फ्रेंचमध्ये 'नेस पा' आणि जर्मनमध्ये 'निष्ट वार' न बदलता चालतात. लंडनच्या तरुणांच्या बोलीत 'इनिट' कोणत्याही वाक्याला लागतो, आणि अमेरिकेत 'राइट?'ने भागवण्याकडे मोठा कल आहे. कर्ता आणि काळ पाहून बदलणारे टॅग ब्रिटिश बोलण्यात अमेरिकन बोलण्यापेक्षा कितीतरी अधिक आढळतात. म्हणून 'इझन्ट इट' म्हणणाऱ्याला अडाणी ठरवू नये. पण लेखी परीक्षेत आणि औपचारिक पत्रात प्रमाण रूपच लागते, हेही त्याला स्पष्ट सांगावे.

मराठीच्या बाजूने दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. 'छान झालं, नाही?' या वाक्यात होकारी विधानाला नकारी शेपूट आहे, म्हणजे इंग्रजी टॅगमधला उलटेपणा आपल्याला अगदीच परका नाही. दुसरे, 'ना' म्हणजे नेहमी टॅग नव्हे. 'ये ना' यात आर्जव आहे, 'मी ना, काल पाहिलं' यात बोलण्याची नुसती लकब आहे. सटाणा-मालेगावकडच्या अहिराणीतही 'आहे'च्या जागी 'शे' येतो आणि मागे 'ना' तसाच उभा राहतो : 'शे ना?'

शिक्षणात : महाराष्ट्रात सन २००० पासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. टॅगशी खरी गाठ माध्यमिक वर्गांत पडते, आणि पुढे बोर्डाच्या भाषाभ्यासाच्या प्रश्नांत 'ॲड अ क्वेश्चन टॅग' अशी सूचना येते. राज्य मंडळाच्या नाशिक विभागात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे येतात, त्यामुळे मराठीच्या बरोबरीने अहिराणी आणि भिली घरी बोलणारी मुलेही हाच प्रश्न सोडवतात. फळ्यावरचे सूत्र ठरलेले असते : क्रियापद उलट करा, सर्वनाम लावा. या सूत्राने गुण मिळतात. पण वर्षभर सूत्र घोटलेला विद्यार्थी मुलाखतीत 'यू'व्ह कम फ्रॉम निफाड, हॅवन्ट यू?' ऐकल्यावर गप्प बसतो, कारण टॅग ही उत्तर मागणारी, बोलणे पुढे नेणारी गोष्ट आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. जोडीने बसवून रोज पाच मिनिटे एकाने विधान करायचे आणि दुसऱ्याने टॅग लावून विचारायचे, एवढा सराव पुरेसा होतो. विषय घरचेच घ्यावेत : द्राक्षांचा भाव, लासलगावचा कांदा, गंगापूर धरणाचे पाणी. 'द ग्रेप्स आर स्वीट, आरन्ट दे?' तोंडात बसले की तिथे 'इझन्ट इट' आपोआप खटकू लागते.

समाजभाषाशास्त्रात : स्त्रिया टॅग जास्त वापरतात आणि त्यातून त्यांच्या बोलण्यात अनिश्चितता दिसते, असे रॉबिन लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात मांडले. न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी पुढे टॅगचे कार्य तपासले आणि अनेक टॅग शंका व्यक्त करण्याऐवजी समोरच्याला बोलते करण्यासाठी येतात हे दाखवले. घरी आलेल्या पाहुण्यांना 'प्रवास बरा झाला ना?' असे विचारणारी गृहिणी काही गोंधळलेली नसते, ती पाहुण्यांना बोलायला वाट करून देत असते.

न्यायालयात : टॅग लावला की प्रश्नातच उत्तर सुचवले जाते, म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो सूचक प्रश्न ठरतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने असा प्रश्न सरतपासणीत, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षानेच त्याला विचारताना, न्यायालयाच्या परवानगीशिवाय मना केला होता आणि विरुद्ध पक्षाच्या उलटतपासणीत मुभा दिली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही व्यवस्था कायम आहे. 'यू वेअर नॉट ॲट द शॉप, वेअर यू?' असा प्रश्न मराठीत 'तुम्ही दुकानात नव्हता ना?' होऊन साक्षीदारापुढे आला आणि तो 'हो' म्हणाला, तर नव्हतो असे त्याला म्हणायचे असते, पण इंग्रजीच्या हिशेबाने ते उलट वाचले जाऊ शकते. जिल्हा न्यायालयातल्या मराठी जबाबांत मात्र साक्षीदाराचा नुसता 'हो' उतरवून घेत नाहीत. तिथे संपूर्ण वाक्य लिहिले जाते : 'हे म्हणणे खरे आहे की, मी त्या दिवशी दुकानात नव्हतो.'