1 लाख क्लिक म्हणजे कॅमेरा भंगारात? अजिबात नाही!

पुण्यात सेकंडहँड डीएसएलआर बघायला गेलं की कोणीतरी सांगतंच, शटर काउंट (शटर, म्हणजे फोटो काढताना उघडझाप करणारा आतला पडदा, किती वेळा चालला तो आकडा) 1 लाख झाला म्हणजे कॅमेरा संपला. असं काही नसतं हो. 1 लाख हा आकडा कंपनीच्या टेस्टिंगचा, एक्सपायरी डेट नव्हे, शटर त्याआधीही जाऊ शकतं आणि नंतरही बिनधास्त चालतं. त्यापेक्षा भर दुपारी शनिवारवाड्यासमोर उभं राहून मोकळ्या आकाशाचा 1/4000 सेकंदाच्या शटर स्पीडवर फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून (फ्लॅशने एवढ्या स्पीडला काळा पट्टा तसाही येतो, एलईडीखालीही पट्टे पडतात, तो दोष शटरचा नाही), तरी काळी पट्टी आली किंवा कॅननवर एरर 30 दिसला तर मग शटरवर संशय घ्या. गेलंच तर बहुतेक वेळा पूर्ण शटर युनिटच बदलतात, बॉडी फेकायची गरज नाही. फक्त शटरच्या पात्यांना बोट लावू नका प्लीज, फार नाजूक असतात.