प्राणिपात्रे (कथेतील)

माणसासारखी बोलणारी, मसलत करणारी, हेवेदावे धरणारी जनावरे व पाखरे कथेत योजण्याची रीत. माणूस आणि पशू एकाच देहात कल्पणे लिपीहूनही फार जुने आहे. जर्मनीतील होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत मिळालेली, मॅमथच्या सुळ्यात कोरलेली सिंहमुखी मानवाकृती सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची मानली जाते.

प्राण्यांची निवड होते ती आधी सोयीसाठी. कोल्हा म्हटले की लबाडी आलीच. त्याचे गाव, घराणे, वय सांगत बसावे लागत नाही. चिऊ-काऊच्या गोष्टीत शेणाचे घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो, तेव्हा तीन वर्षांच्या पोरालाही दोघांचे स्वभाव ठाऊक असतात. या गोष्टीचे जुने रूप महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त आढळते.

दुसरे कारण अधिक वजनदार आहे. सत्तेविषयी उघड बोलता येत नाही, तिथे जनावर बोलते. ‘पंचतंत्रा’त पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री जुळते, दमनक नावाचा कोल्हा दोघांचेही कान भरतो आणि राजाच्याच पंजाने मित्राचा जीव जातो. खऱ्या राजाचे नाव घालून हे दरबारात कोण सांगेल? सहाव्या शतकात हा ग्रंथ पहलवीत (इराणच्या जुन्या भाषेत) आणि आठव्या शतकात अरबीत गेला. अरबी ग्रंथाचे नाव ‘कलीला व दिम्ना’ हे करटक-दमनक या दोन कोल्ह्यांचेच. कोल्हापूर जिल्ह्यात खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावर पंचतंत्रातल्या कथा दगडात कोरलेल्या आहेत, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही त्या वाचता येत होत्या.

ऐकणाऱ्याचे मनही या खेळाला तयार असते. १९४४ साली हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण व एक वर्तुळ हलताना दाखवणारी छोटी फिल्म लोकांना दाखवली. जवळपास सर्वांनी तिचे वर्णन पाठलाग, दांडगाई, सुटका अशा माणसांच्या भाषेत केले. आकृत्यांत माणूस पाहणारे मन म्हशीत तो का पाहणार नाही? कोल्हापुरात तर हा घरोबा रोजचा आहे. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळीचा घास भरवतात. दिवाळी पाडव्याला सजवलेली म्हैस भर गर्दीत धन्याची हाक ओळखून त्याच्यामागे धावते. अशा घरातल्या आजीच्या गोष्टीत म्हैस रुसली तर कुणाला नवल वाटत नाही.

तरीही नुसते बोलते केल्याने प्राणिपात्र उभे राहत नाही. माकड-मगरीची गोष्ट टिकली, कारण माकड झाडावरचे आणि मगर पाण्यातली आहे. ‘काळीज झाडावर राहिले’ ही थाप त्या दोन देहांशिवाय सुचलीच नसती. जिथे लांडग्याच्या जागी सावकार घातला तरी काही बिघडत नाही, तिथे लांडगा वाया गेला असे समजावे. रूपककथा वेगळी: तिच्यात फूल, दगड, नदीही बोलतात, आणि कोल्हापुरात राहून वि. स. खांडेकरांनी तो प्रकार मराठीत रुजवला. तिथे अर्थ आधी येतो, देह नंतर.

बोध पोचवण्यात हे प्राणी नेहमीच सरस ठरतात, असेही नाही. टोरांटोतील संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली. माणसे असलेली गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर अधिक वाटले. प्राण्यांच्या गोष्टीने तसा फरक पडला नाही. मात्र तिच्यातले प्राणी ज्या मुलांना माणसासारखे वाटले, त्यांचा हात अधिक सैल सुटला.