पाळीआधीचा आठवडा आणि कॅलेंडरवरच्या फुल्या

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीन प्रकारच्या नोंदी असतात. गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख, दुधाच्या खाड्याची फुली आणि माझ्या पाळीच्या तारखेभोवती गोल. गेल्या जूनपासून त्यात चौथी भर पडली. ज्या दिवशी मी विनाकारण चिडले, रडले किंवा सगळं टाकून कुठेतरी निघून जावंसं वाटलं, त्या दिवसाच्या चौकटीत खाली कोपऱ्यात आणखी एक बारीकशी फुली.

निमित्त झालं कुकरच्या शिट्टीचं. सकाळी सव्वासहाला डाळ-तांदूळ लावले, झाकण बसवलं आणि बघते तर शिट्टी जागेवर नाही. ती ओट्यावरच होती, चहाच्या गाळणीखाली. पण ती सापडेपर्यंतच्या दोन मिनिटांत मी नवऱ्याला, मुलीला आणि गावी असलेल्या सासूबाईंनाही (त्यांचा संबंध काय, विचारू नका) बोलून घेतलं होतं. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तिसऱ्या दिवशी पाळी आली. तेव्हा उलगडा झाला, आणि आत्ता कुठे उलगडा झाला याचाच जास्त राग आला. दर महिन्याला कोडं तेच, उत्तर तेच आणि मी दर महिन्याला नापास.

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात हा विषय निघायला फार वेळ लागत नाही. ऐरोलीच्या आसपास कोणीतरी म्हणतं, "शनिवारी डेट आहे माझी, आज मला कुणी काही बोलू नका." मग उपाय सुरू होतात. ओवा-गूळ घे, चहा सोड, नाचणी खा, निर्गुडीचा काढा घे, बी-सिक्स व्हिटॅमिनच्या गोळ्या घे, प्राणायाम कर. कोपरखैरणे येईपर्यंत सहा-सात उपाय आणि दोन डॉक्टरांचे नंबर मिळालेले असतात. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते म्हणून शेवटी "तू सांग गं, यातलं खरं काय?" असं होतं, आणि तोवर वाशी येतं. गाडीत जे सांगायचं राहून जातं, ते इथे सांगते.

पाळीआधीच्या या त्रासाची वैद्यकीय नोंद १९३१ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक या स्त्रीरोगतज्ज्ञाने केली. त्याने १५ बायकांचं वर्णन लिहिलं आणि दोष दिला तो शरीरात स्त्री-हार्मोन जास्त झाल्याला. पुढे १९५३ साली रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. डाल्टनबाईंचं म्हणणं उलटं, प्रोजेस्टेरॉन कमी पडतं म्हणून त्रास होतो. त्या पुढे कित्येक वर्षं रुग्णांना प्रोजेस्टेरॉन देत राहिल्या. एक म्हणतो जास्त, दुसरी म्हणते कमी. रक्ततपासण्या नेमक्या होऊ लागल्यावर कळलं की त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या बायकांची हार्मोन्सची पातळी साधारण सारखीच असते. म्हणून केवळ या चिडचिडीसाठी 'हार्मोन पॅकेज'वर दोन-चार हजार घालवू नका. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मग घरचे म्हणतात, "बघ, काही नाहीये तुला."

मग फरक कशात आहे? १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीआधी ज्यांना खूप त्रास व्हायचा अशा १० जणींच्या अंडाशयांचं काम औषधाने तात्पुरतं थांबवलं. चक्र थांबलं, त्रासही कमी झाला. मग औषध चालू ठेवूनच बाहेरून इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिलं, तर त्रास परत आला. हाच सगळा प्रकार कधीच त्रास नसलेल्या १५ जणींवरही केला. त्यांच्या मनःस्थितीत काहीही बदल झाला नाही. हार्मोन तेच, मात्रा तीच, मेंदूचं उत्तर मात्र वेगळं. २०१७ मध्ये त्याच संस्थेच्या संशोधकांनी तीव्र त्रास असलेल्या बायकांच्या पांढऱ्या रक्तपेशींपासून वाढवलेल्या पेशी तपासल्या, तेव्हा हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांच्या एका गटाचं काम त्या पेशींमध्येही वेगळं दिसलं. बशीत ठेवलेल्या पेशीला सासू नसते, लोकल चुकत नाही, तिचा स्वभावही तापट नसतो.

हे घडतं कसं, तेही थोडं बघू. बीज बाहेर पडलं की अंडाशयात त्या जागी पीतपिंड तयार होतं आणि ते प्रोजेस्टेरॉन बनवू लागतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतं, प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन उतरतात आणि पाळी येते. या प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात आणि मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचं रसायन बनतं. मेंदूत गाबा नावाची जी ब्रेकची व्यवस्था आहे, तिच्यावर ते काम करतं. ब्रेक नीट लागला की माणूस शांत होतो, झोप येते. पण काही जणींच्या मेंदूला या रसायनाच्या चढउताराशी जुळवून घेणं जमत नाही. ब्रेक दाबावा आणि गाडी थांबण्याऐवजी हिसका बसावा, तसं होतं. शांत करणारं रसायनच चिडचिड आणि घालमेल वाढवतं. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत आभाळ मोकळं होतं ते यामुळेच.

म्हणजे चूक हार्मोनची नाही आणि बाईचीही नाही. हे एकदा पटलं की 'नैसर्गिक उपाय' या शब्दाकडे बघण्याची नजर बदलते. हार्मोन 'बॅलन्स' करून देणारी पूड मी आता विकत घेत नाही, कारण बिघडलेला बॅलन्सच तिथे नाही.

माझ्या मते पहिला उपाय फुकटातला आहे: दोन महिने रोज नोंद. डॉक्टरही निदानासाठी हीच मागतात, कारण आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. याचा एक मजेशीर पुरावा आहे. १९७७ साली डायन रूबल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ४४ तरुणींना सांगितलं की तुमची पाळी कधी येणार हे आम्ही नव्या यंत्राने ओळखतो. प्रत्यक्षात सगळ्यांची पाळी साधारण आठवड्यावर आलेली होती. काहींना सांगितलं, "एक-दोन दिवसांत येईल," काहींना सांगितलं, "अजून बराच अवकाश आहे." ज्यांना तारीख जवळ असल्याचं सांगितलं, त्यांनी अंग सुजल्यासारखं वाटणं, दुखणं अशा तक्रारी जास्त लिहिल्या. याचा अर्थ त्रास खोटा असा नव्हे. पण अपेक्षाही त्यात स्वतःची भर घालते.

माझ्या कॅलेंडरने मला हेच दाखवलं. पहिल्या दोन महिन्यांत एकूण १३ फुल्या झाल्या. ८ पाळीआधीच्या सहा दिवसांतल्या. उरलेल्या ५ भलत्याच दिवशी: कामवाली न सांगता गेली तो दिवस, पेपर तपासायचे ढीग, घोडबंदर रोडवर दीड तास अडकले ती संध्याकाळ. म्हणजे "तुझी डेट आली वाटतं," हे नवऱ्याचं ठरलेलं निदान दर वेळी बरोबर नव्हतं. आणि त्या आठांमधलीही निम्मी भांडणं मुद्द्याची होती. घरकामाच्या वाटणीचा राग मला महिनाभर असतोच. त्या आठवड्यात फक्त त्याचा आवाज मोठा होतो. मानसोपचारात विचार आणि वागणूक यांवर काम करणारी जी पद्धत आहे, ती या त्रासावर उपयोगी पडते असं अभ्यासांत दिसलं आहे, आणि तिची सुरुवात याच ओळखीतून होते. मी आता एवढंच करते की, त्या सहा दिवसांत मुद्दा वहीत लिहून ठेवते आणि पाळी आल्यावर काढते. मुद्दे अजिबात कमी झालेले नाहीत, हे नवऱ्याच्या माहितीसाठी.

डब्यातली एक मैत्रीणही फुल्या मारू लागली. तिच्या फुल्या महिनाभर सारख्याच पसरलेल्या निघाल्या, पाळीनंतरच्या आठवड्यातही. डॉक्टरांनी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं, दोन्ही गडबडलेलं होतं. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला आहे. थकवा आणि चिडचिड त्यातूनही येते, आणि तिथे कुठल्याही काढ्याआधी तपासणी हवी.

आता खाण्यापिण्याचं. यातल्या त्यात भक्कम पुरावा कॅल्शियमचा. १९९८ मध्ये अमेरिकेत ४६६ बायकांवर चाचणी झाली. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी उतरला. तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली बनावट गोळी घेणाऱ्यांचाही ३० टक्क्यांनी उतरला! व्हॉट्सॲपवर प्रत्येक उपायाला "मला गुण आला" म्हणणाऱ्या का भेटतात, त्याचं उत्तर या ३० मध्ये आहे. तरीही मधला फरक उरतोच. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे एका भाकरीत सुमारे दोनशे. त्यात ताक, दही, तिळाची चटणी धरली की दिवसाचा बराचसा हिशोब जुळतो. गोळ्या घ्यायच्या तर मूतखड्याचा इतिहास डॉक्टरांना आधी सांगा.

निर्गुडीचं प्रकरण गमतीचं आहे. २००१ साली जर्मनीत १७० बायकांवर झालेल्या चाचणीत एका झाडाच्या फळांचा अर्क निम्म्याहून अधिक जणींना उपयोगी पडला, बनावट गोळी पाव जणींना. ते झाड निर्गुडीच्याच कुळातलं, पण आपल्या कुंपणाला लागते ती निर्गुडी नव्हे. भाऊबंद, वेगळी जात. त्या चाचणीच्या जोरावर इथल्या पाल्याचा काढा पिणं म्हणजे चुलतभावाच्या मार्कांवर ॲडमिशन मागणं. मूळ अर्कही गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना किंवा गर्भधारणेत विचारल्याशिवाय घेऊ नये. बी-सिक्सचा थोडा फायदा असू शकतो, पण मोठ्या मात्रेत फार दिवस घेतलं तर नसांना इजा होऊन हातापायांना मुंग्या येतात. ईव्हनिंग प्रिमरोझ या फुलझाडाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूलनी मात्र चाचण्यांत खास काही करून दाखवलेलं नाही.

चहा वाचला. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात कॅफिन आणि पाळीआधीचा त्रास यांचा संबंध सापडला नाही. फक्त संध्याकाळचा मी त्या आठवड्यात गाळते, तो झोपेसाठी. बीज सुटल्यानंतर शरीराचं तापमान सुमारे अर्ध्या अंशापर्यंत वर जातं, झोप चाळवते. त्यात ऑक्टोबरची उकाड्याची रात्र आली की सकाळची शिट्टी हरवणारच. चालण्याच्या व्यायामावरच्या चाचण्या छोट्या आहेत, पण कौल बहुतेक एकाच बाजूचा, फायद्याचा. मी ठाण्यातल्या तळ्याभोवती, तलावपाळीला जाते. दोन फेऱ्यांनंतर मन हलकं होतं, तिसऱ्या फेरीला मामलेदारची मिसळ आठवते, आणि ती खाल्ली म्हणून अजून तरी एकही फुली पडलेली नाही.

एक इशारा, गणपती जवळ आल्यावर. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे केमिस्टकडून सर्रास आणल्या जातात. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं औषध असतं आणि मूड बदलणं हा त्यांचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. मोदक वळताना डोळ्यांत पाणी येत असेल तर ही शक्यताही लक्षात असू द्या, आणि त्या महिन्याच्या फुल्या हिशोबात धरू नका.

आणि काही जणींच्या बाबतीत नाचणी, फेऱ्या, वही, सगळं तोकडं पडतं. दर महिन्याला ठरल्या दिवसांत काळोखी दाटते, नोकरी-नातं पणाला लागतं, जगूच नये असं वाटतं. याला प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर म्हणतात. २०१३ पासून तो अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात आहे. यावर सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी औषधं आहेत, आणि एरवीच्या नैराश्यात ज्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, ती इथे काही दिवसांतच लागू पडतात. काही जणींना ती फक्त पाळीआधीचे दोन आठवडे घेऊनही पुरतात. "गोळीची सवय लागेल" म्हणून बायका वर्षानुवर्षं सोसतात, ते मला पटत नाही. 'ठाण्याला पाठवा' हा विनोद सबंध महाराष्ट्र करतो. आम्ही ठाण्यातच राहतो, तरी मानसोपचाराच्या ओपीडीत जायला आम्हालाही लाज वाटते. ते जमत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे. जीव नकोसा वाटला तर पाळी येण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

माझ्या फुल्या आता महिन्याला चारवर आल्या आहेत. गेल्या महिन्यात पाच होत्या, ते जरा वेगळ्या कारणाने लक्षात राहिलं. एक तारखेला दूधवाला बिल घेऊन आला आणि नवऱ्याने दारातच हुज्जत घातली, "सहा दिवस दूध नव्हतं, पैसे कापा." तो बिचारा म्हणतोय, "साहेब, खाडा एकच होता." नवरा आत गेला, खिळ्यावरून कॅलेंडर काढून घेऊन आला आणि फुल्यांवर बोट ठेवून मोजायला लागला. त्यातल्या पाच दुधाच्या नाहीत, एवढं मी दोघांसमोर सांगितलं. कशाच्या, ते दूधवाला जिना उतरून गेल्यावर.