कंट्रोलरचा सामाईक भार कुठे ठेवायचा?

समजा, रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांसाठी जळगावच्या मुलींनी वेबसाइट बांधली. एका पानावर केळीचा आजचा भाव, दुसऱ्यावर कापणीची नोंद, तिसऱ्यावर व्यापाऱ्याकडची बाकी. ब्राउझरकडून येणारी विनंती हाताळायला प्रत्येक पानामागे एकेक कंट्रोलर. मॉडेल (माहिती आणि तिचे नियम), व्ह्यू (दिसणारं पान), कंट्रोलर ही विभागणी ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडली. वेबवाल्यांनी ती पुढे आपलीशी केली.

आता कापणी आणि बाकी, दोन्हीकडे आधी तेच तपासायचं: लॉगिन कोणाचं, पान मराठीत दाखवायचं की बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यासाठी हिंदीत. हा कोड दोन्हीकडे चिकटवला आणि उद्या नियम बदलताना एक जागा राहिली, तर व्यापाऱ्याकडची बाकी दाखवणारं पान कोणालाही उघडता येईल.

सोपा उपाय म्हणजे एक मूळ कंट्रोलर लिहून इतर सगळे त्याचे वारस करायचे, म्हणजे त्याचा कोड त्यांना आपोआप मिळतो. रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात, अशी सोय तयारच मिळते. पण मग एसएमएस, पीडीएफ, वाहतुकीचा खर्च, सगळं त्याच मूळ कंट्रोलरमध्ये शिरतं. लॉगिनसुद्धा न लागणारं भावाचं पान ते ओझं विनाकारण वाहतं. म्हणून मूळ कंट्रोलर सडपातळच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

ओळख आणि भाषा तपासणं मिडलवेअरकडे द्यावं. ते कंट्रोलरच्या आधी चालतं आणि विनंती पुढे सोडतं किंवा तिथूनच परत पाठवतं. इथे क्रम महत्त्वाचा. भाषेची आवड खात्यात साठवलेली असेल, तर ओळख आधी पटायला हवी.

वजन, भाव आणि कपात यांवरून बाकी काढणं हे सर्व्हिसचं, म्हणजे एकच ठरावीक काम करणाऱ्या वेगळ्या कोडचं काम. तिला विनंतीची गंधवार्ता नसावी, फक्त आकडे द्यावेत; मग रात्री आपोआप चालणारा हिशोबही तीच सर्व्हिस वापरू शकतो. कंट्रोलरने ती स्वतः बनवू नये, फ्रेमवर्कने बाहेरून पुरवावी. त्यामुळे चाचणीच्या वेळी एसएमएसची खोटी सर्व्हिस देता येते आणि शेतकऱ्यांचे फोन वाजत नाहीत.

सगळ्यात घातक चूक मात्र पुढेच होते. जावा भाषेच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कमध्ये सर्व्हिसची एकच प्रत सगळ्या विनंत्यांना मिळते, वेगळं सांगितलं नाही तर. त्या प्रतीत ‘सध्याचा शेतकरी’ साठवला आणि एकाच क्षणी दोन विनंत्या आल्या, तर फैजपूरच्या शेतकऱ्याची बाकी सावद्याच्या शेतकऱ्याला दिसू शकते. एकट्याने तपासताना हे सहसा सापडत नाही. शेतकऱ्याचा क्रमांक दर वेळी सर्व्हिसच्या हाती द्यावा, तिच्यात साठवू नये.