घरचा ऑक्सिजन: सिलिंडर कशासाठी, मशीन कशासाठी

डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ होती: 'घरी ऑक्सिजन, २ लिटर, रोज किमान १५ तास.' आईचं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं होतं, सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या फुप्फुसाच्या आजाराचं, निदान झालं होतं. ऑक्सिजन कशातून द्यायचा हे कागदावर नव्हतं. रुग्णसाहित्य केंद्रात डिपॉझिट भरून आम्ही सिलिंडर आणला आणि निर्धास्त झालो. त्याच रात्री सिलिंडरवरचा दाबाचा काटा खाली यायला लागला.

सिलिंडर म्हणजे दाबून साठवलेला ऑक्सिजन. घरी येतो तो बहुधा 'बी टाइप', अंग काळं, खांदे पांढरे. त्यात साधारण १५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला २ लिटर धरले तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. सांगितलेले १५ तासही पुरे होत नाहीत! जम्बो म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये ७००० लिटर असतात, रोज १५ तास धरले तर तो चार दिवसही चालत नाही. पण तो जिना चढवायचा कोणी, आणि दर तीन-चार दिवसांनी भरून आणायचा कोणी?

कॉन्सन्ट्रेटर, ज्याला सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात, काहीच साठवत नाही. तो खोलीतली हवा ओढून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांमधून दाबाने सोडतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि हवेतला २१ टक्के ऑक्सिजन नळीत येईपर्यंत ९० ते ९६ टक्के झालेला असतो. भरून आणायची गरजच नाही. हवा आत जाते ती जाळी वेळच्या वेळी धुवायची आणि वीज अखंड द्यायची. खांद्याला लावायची छोटी मशीन मात्र बघून घ्या. त्यातली बरीचशी श्वास ओढला की तेवढ्यापुरता झोत सोडतात, झोपेत सगळ्यांना ते पुरत नाही.

म्हणून रोजच्या वापराला मशीन, आणि वीज गेली किंवा मशीन बिघडलं तर हाताशी सिलिंडर. एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं की पेशंटचे हाल होतात. आम्ही तेच केलं होतं.

१५ तासांचा आकडा आला १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या व ब्रिटनमधल्या दोन अभ्यासांतून. रक्तातला ऑक्सिजन फार खालावलेले सीओपीडीचे पेशंट दिवसातला बहुतेक वेळ ऑक्सिजनवर राहिले तेव्हा जास्त जगले. पण दम लागतो त्या प्रत्येकाला घरचा ऑक्सिजन लागत नाही. आराम करतानाही बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा ८८ टक्के किंवा त्याखाली राहत असेल, तर डॉक्टर एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी करून ठरवतात. ऑक्सिजन थोडासाच कमी असलेल्यांना घरच्या ऑक्सिजनचा फायदा दिसला नाही, हे २०१६च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. आणि दम वाढला म्हणून आपल्या मनाने फ्लो, म्हणजे मिनिटाचे लिटर, वाढवू नका. सीओपीडीच्या काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, ते गुंगीत जातात.

आग मात्र दोन्हीकडे सारखीच धोक्याची. नळी नाकात असताना विडी नाही, शेगडी नाही, समईही लांब. सिलिंडरच्या वाल्वला तेल-ग्रीस अजिबात लागू द्यायचं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. मिनिटाला ५ लिटरपर्यंत देणारं मशीन साधारण ३५० वॉट खातं. रोज १५ तास म्हणजे सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. महावितरणच्या १०० युनिटांच्या आतल्या टप्प्यात राहणारं घर केवळ श्वासापायी वरच्या दरात जातं. त्यात गावात भारनियमन. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मशीन जेमतेम तीन-चार तास निघतं. ब्रिटनमध्ये घरचं मशीन सरकारी आरोग्यसेवा देते, त्याच्या विजेचे पैसेही पेशंटला परत मिळतात. आपल्याकडच्या सरकारी विमा योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झालेल्यासाठी. घरी आलेल्याचा ऑक्सिजन त्याच्याच खिशातून.

करता येत नाही असं नाही. २०२१ साली कोरोनाच्या लाटेत पीएम केअर्स निधीतून १ लाख कॉन्सन्ट्रेटर घ्यायचं ठरलं, विक्रीतल्या नफ्यावर मर्यादा आली, जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ती करसवलत सप्टेंबरअखेरपर्यंतच होती. चुलीच्या धुराने, जुन्या टीबीने, खाणीतल्या धुळीने फुप्फुसं गेलेल्यांना ऑक्सिजन त्यानंतरही लागतोच आहे. त्यांना उपजिल्हा रुग्णालयातून मशीन आणि जोडीला एक भरलेला सिलिंडर उसना मिळावा, जाळी आणि शुद्धता तपासायला वर्षातून दोनदा कोणीतरी घरी यावं, आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर मशीनचे युनिट बिलात वेगळ्या, कमी दराने लागावेत. आईसाठी हे सगळं आम्ही कर्ज काढून उभं केलं. आमच्याच गल्लीत एक काका अजून सिलिंडर भरायला दर दिवसाआड मुलाला रिक्षाने पाठवतात, आणि तो परत येईपर्यंत दारातच बसून राहतात.