वस्तीच्या भिंतीवर कोण लिहिणार? मुंबईतल्या भित्तिचित्रांची पार्श्वभूमी

मुंबईच्या झोपडवस्त्यांमधली भित्तिचित्रं हा गेल्या पंधरा-सोळा वर्षांतला विषय मानला जातो. बातम्यांमध्ये त्याची सुरुवात २००९ साली तुळशी पाइप रोडवर रंगलेल्या भिंतीपासून होते. पण वस्तीतली भिंत त्याआधीही कोरी नव्हती. तिच्यावर कोण लिहीत होतं आणि ते काम दुसऱ्यांच्या हातात कसं गेलं, हे पाहिल्याशिवाय वस्तीची भिंत कुणी आणि कुणासाठी रंगवायची हा आजचा वाद नीट कळत नाही.

मेक्सिकोत १९२० च्या दशकात क्रांतीनंतरच्या सरकारनं सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांना दिल्या. शिकागोत १९६७ साली कृष्णवर्णीय कलाकारांनी एका मोडकळीला आलेल्या इमारतीची भिंत आपल्या माणसांच्या चेहऱ्यांनी भरली. यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, पण मुंबईचा धागा तिथून येत नाही. तो गिरणगावातून येतो.

'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा परळ-लालबागच्या भिंतींवर लिहिली गेली तेव्हा तिला कुणी कला म्हटलं नाही. चुन्याचा हात मारून भिंत पांढरी करायची. खडू माखलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. अशा दोन रेघांमध्ये चपट्या कुंचल्यानं अक्षरं बसवायची. रंग म्हणजे गेरू, नाहीतर नीळ. रात्रीत काम उरकायचं आणि सकाळच्या पाळीला निघालेल्या कामगारानं ते वाचायचं. चाळीच्या तोंडाशी काळा फळा असायचा. त्यावर सभेची वेळ, कुणाच्या निधनाची वार्ता, दरवाढीचा निषेध, सगळं खडूनं लिहिलं जायचं. १९७२ नंतर दलित तरुणांच्या संघटनेनं हीच पद्धत वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींमध्ये आणि उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये नेली. निळ्या रंगातली बाबासाहेबांची चित्रं, बुद्धाचा चेहरा आणि त्याखाली अत्याचाराच्या ताज्या घटनेचा निषेध. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा भिंतीवर लिहिणं ही रोजच्या कामातली गोष्ट झालेली होती.

सरकारही याच भिंतींवर लिहीत होतं. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, पोलिओचा डोस, 'मुलगी शिकली, प्रगती झाली'. या मजकुराचा रोख मात्र उलटा होता. वस्तीतला माणूस भिंतीवरून सरकारला जाब विचारत होता, सरकार भिंतीवरून त्याला उपदेश करत होतं. पुढच्या काळात 'सामाजिक विषयावरची भित्तिचित्रं' म्हणून जे आलं, त्याचा मोठा भाग या दुसऱ्या घराण्यातला आहे, पहिल्या नव्हे. हे माझं मत आहे, पण पुढच्या घडामोडी त्याला पुष्टी देतात.

पहिली परंपरा तीन कारणांनी आटली. नव्वदच्या दशकात निवडणूक यंत्रणेनं भिंती रंगवण्यावर कडक बंधनं आणली. २००० नंतर फ्लेक्स स्वस्त झाला आणि पेंटरचं पोट त्यानं मारलं. तिसरं कारण १९९५ चा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम. सार्वजनिक ठिकाणाहून दिसणारी जागा, मग ती खासगी का असेना, तिच्यावर काही लावायचं-लिहायचं तर स्थानिक प्राधिकरणाची लेखी परवानगी हवी. नाहीतर दंड किंवा कैद. हा कायदा झाला त्याच वर्षी झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली आणि १ जानेवारी १९९५ ही तारीख वस्त्यांच्या तोंडी बसली. त्यानंतरची झोपडी मोफत घराला अपात्र. ही तारीख पुढे २००० वर आणि सशुल्क घरांसाठी २०११ वर सरकली, पण मधली वर्षं लाखो माणसांनी आपली भिंत आपली आहे की नाही हे ठरण्याची वाट पाहण्यात काढली. अशा माणसानं भिंतीवर लिहायची लेखी परवानगी कुठून आणायची?

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २००९ मधला तुळशी पाइप रोडचा प्रयोग आला. माहीम ते दादर पट्ट्यात रेल्वेला लागून जाणारी लांबलचक भिंत महापालिकेनं नागरिकांना रंगवायला खुली केली. शेकडो लोक कुंचले घेऊन आले. मुंबईला त्याचं अप्रूप वाटलं, आणि ते खरं होतं. विद्यार्थी, हौशी चित्रकार, घरची सगळी मिळून आलेली कुटुंबं. अट एवढीच की राजकीय, धार्मिक काही नको आणि जाहिरात नको. अट वाजवी वाटते. पण याच रस्त्याच्या पदपथावर वर्षानुवर्षं कुटुंबं राहत आली आहेत आणि त्यांच्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न, म्हणजे तोडकाम, या अटीत राजकीय ठरतो. झाडं वाचवा हा सामाजिक विषय, घर वाचवा हा राजकीय. वस्त्यांमधल्या पुढच्या बहुतेक उपक्रमांनी ही वाटणी न बोलता स्वीकारली.

अपवाद होते. २०१५ च्या सुरुवातीला धारावीत आरोग्य हा विषय घेऊन एक कलाप्रदर्शन भरलं. त्याची तयारी आधी बराच काळ वस्तीतल्या लोकांसोबत बसून झाली होती. तिथे बायकांनी धारावीचा नकाशाच गोधडीसारखा शिवला आणि घरातली मारहाण कुठे कुठे होते ते त्यावर कापडानं दाखवलं. ते भित्तिचित्र नव्हतं, तरी इथे त्याची नोंद हवी, कारण विषय कोणता घ्यायचा हे ज्यांना सोसावं लागतं त्यांनीच ठरवलं होतं.

मग असल्फा. घाटकोपर-साकीनाका पट्ट्यातली ही टेकडी. घरावर घर चढलेलं, मधून दगडी नाहीतर सिमेंटच्या पायऱ्या, वरच्या घरांना पाण्यासाठी खालच्यांपेक्षा जास्त झगडावं लागतं. जवळच साकीनाक्याला २६ जुलै २००५ च्या पावसात दरड कोसळून वस्तीतली माणसं गाडली गेली होती. जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि उंचावरच्या रुळांवरून ही टेकडी रोज लाखभर डोळ्यांना दिसू लागली. २०१७ संपता संपता एका स्वयंसेवी गटानं, रंग कंपनीच्या मदतीनं आणि शेकडो स्वयंसेवकांना घेऊन, टेकडीवरच्या शंभराहून जास्त भिंती रंगवल्या. पिवळा, गुलाबी, मोरपंखी, नारिंगी. जानेवारी २०१८ मध्ये फोटो सगळीकडे फिरले आणि इटलीतल्या समुद्रकाठच्या गावाची उपमा दिली गेली.

कुठल्या भिंती रंगवायच्या, हा इथला खरा निर्णय होता, आणि त्यावर अजून पुरेसं बोललं गेलेलं नाही. निवडलेल्या भिंती मुख्यतः मेट्रोतून दिसणाऱ्या होत्या. उपक्रमामागचा हेतू उघड होता आणि प्रामाणिकपणे सांगितलेलाही होता: प्रवाशाची झोपडपट्टीकडे पाहण्याची नजर बदलावी. समर्थकांचं म्हणणं हलकं नाही. रहिवासी स्वतः रंगवायला उतरले होते. चांगल्या बाह्यरंगानं भिंतीतली ओल थोडी अडते, आणि पावसाळ्यात ज्याच्या भिंतीचे पोपडे अंथरुणावर पडतात त्याला ही थोडी गोष्ट वाटत नाही. पत्ता सांगताना पोरांना वाटणारा संकोच कमी होतो, हेही खरं. विरोधकांनी लगेच 'रंगरंगोटी' म्हणून हिणवलं. ज्यांच्या घराला रंग लागला त्यांच्या आनंदाचा तो अपमान होता.

तरीही आक्षेप उरतोच, आणि मला तो वजनदार वाटतो. भिंतीला दोन बाजू असतात. मेट्रोकडची बाजू निवडली की चित्र कुणासाठी आहे हे ठरून जातं, आणि मग काय काढायचं हेही ठरतं. दरडीचा धोका, नळाची वेळ, सार्वजनिक संडासापुढची रांग, पात्र-अपात्रतेचे कागद यांतला एकही विषय त्या रंगांच्या मुळाशी नव्हता. टेकडी सुंदर दिसते, हा संदेश होता. गिरणगावातली घोषणा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला काहीतरी मागत होती. असल्फाची भिंत प्रवाशाकडे काही मागत नाही, उलट त्याची अस्वस्थता कमी करते. पुढे फोटोसाठी येणाऱ्यांची गल्ल्यांमध्ये ये-जा सुरू झाली. दरवाजा उघडला की थेट चूल दिसते अशा घरांना ती किती मानवते, हे त्या घरातल्या बाईलाच विचारायला हवं. आणि दोन-चार पावसाळ्यांत रंग उतरतो, शेवाळ धरतं, तेव्हा दुसरा हात मारायची जबाबदारी कुणाची, हे आधी ठरवावं लागतं.

असल्फाच्या आगेमागे हा नमुना पसरला. २०१७ च्या अखेरीसच ससून डॉकमध्ये मोठा कला महोत्सव झाला होता. तिथे कोळी समाजातल्या लोकांची मोठी छायाचित्रं भिंतींवर चिकटवली गेली. मासळीचा वास, कोलंबी सोलणारे हात आणि १८७५ पासूनची गोदी हेच त्या महोत्सवाचं विषयद्रव्य होतं, त्यामुळे जागेशी त्याचं नातं असल्फापेक्षा घट्ट होतं. चेन्नईत शहरातून हलवलेल्या कुटुंबांच्या कन्नगी नगर या पुनर्वसन वसाहतीच्या इमारती २०२० मध्ये रंगल्या.

त्याच काळात भिंती रंगवण्याला सरकारी गुण मिळू लागले, आणि त्याचा परिणाम कुठल्याही महोत्सवापेक्षा मोठा झाला. स्वच्छ सर्वेक्षण आणि ऑक्टोबर २०२० पासूनचं 'माझी वसुंधरा' अभियान यांमुळे राज्यभरातल्या पालिकांनी भिंती रंगवायला काढल्या. काम ठेकेदाराकडे गेलं. ओला-सुका कचरा, पंचमहाभूतं, प्लॅस्टिकबंदी, हातात झाडू घेतलेली मुलं. एकच चित्र या गावातून त्या गावात दिसतं, कारण नमुना फोनमधून येतो. लाल त्रिकोणाचं घराणं आता ॲक्रिलिक रंगात आलं आहे, एवढाच फरक. चित्रातला दोषी नेहमी कचरा टाकणारा रहिवासी असतो. आठवड्यातून किती वेळा गाडी येते, हे त्या भिंतीवर कधी लिहिलेलं नसतं.

डिसेंबर २०२२ मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. जी-२० च्या बैठकीसाठी पाहुणे मुंबईत आले, तेव्हा महामार्गालगतच्या काही वस्त्या पडदे आणि फलक लावून झाकल्या गेल्या. आणि त्याच महिन्यात सुमारे १७०० कोटींचा शहर सुशोभीकरण प्रकल्प हाती घेण्यात आला. पुलांखालचे खांब, रस्त्यालगतच्या भिंती, रोषणाई, सगळं त्यात होतं. महापालिकेची मुदत त्याच वर्षी मार्चमध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे हा खर्च ठरला तेव्हा वस्तीतल्या माणसाला आपल्या गल्लीत रंग हवा की गटाराची झाकणं, हे सभागृहात विचारायला पाठवण्यासाठी नगरसेवकही नव्हता.